गळतीची वेळ

गाडीतलं कूलंट कमी झालं की पहिला प्रश्न येतो तो ‘कुठून जातंय?’ असा. मग रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला जातो, सकाळी बॉनेट उघडून टॉर्च मारली जाते, पाइपांवरून हात फिरवला जातो. गळती ठळक असेल तर एवढ्यावर ती सापडतेही. पण पुठ्ठा कोरडा, पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा, आणि तरी महिन्या-पंधरवड्यात बाटलीतली पातळी खालच्या रेघेला टेकलेली, असं होऊ लागलं की ‘कुठून’चं उत्तर मिळेनासं होतं. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘केव्हा जातंय?’ असं विचारावं. गाडी गार असताना की तापल्यावर? चालताना की बंद केल्यावर? गावातल्या गावात की घाट चढताना? छुप्या गळतीची वेळ बहुधा ठरलेली असते. ती कळली की जागा शोधायला फारसे कष्ट उरत नाहीत. ती कळली नाही तर चांगला मेकॅनिकसुद्धा अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसतो आणि बिल आपण भरतो.

पण त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की हवी. कूलंट मुळात कमी व्हायचं काही कारण नाही. ‘साहेब, थोडं थोडं जातंच, टाकत राहा’ हा गॅरेजमधला लाडका सल्ला फार जुन्या गाड्यांच्या काळातला आहे. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकी गाडीत पाणी इंजिनाभोवती उकळायचं आणि वाफ होऊन हवेत जायचं. उष्णता बाहेर टाकायची तीच रीत होती. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बेर्था दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरेक किलोमीटर, अशी गाडी चालवत गेली, तेव्हा वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरत जावं लागलं. ती गाडी खरोखरच पाणी खर्च करत होती. पुढे १९०१च्या मर्सिडीजमध्ये विल्हेल्म मायबाखने बारीक चौकोनी नळ्यांचा दाट रेडिएटर बसवला आणि तेच ते पाणी पुन्हा पुन्हा गार करून फिरवणं नीट साधलं. तरी उकळून बाहेर येणारं पाणी वाया जाणं काही लगेच थांबलं नाही. बोरघाटात किंवा कसाऱ्यात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी आणि शेजारी पाण्याचा कॅन धरलेला माणूस, हे दृश्य पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल.

आजच्या लहान चारचाकीत साधारण चार ते सहा लिटर कूलंट असतं आणि ते बंदिस्त चक्रात फिरतं. रबरी पाइपांमधून आणि बाटलीच्या तोंडातून वर्षाकाठी किंचित घट होते, पण ती बाटलीवरच्या दोन रेघांच्या आत मावते. त्याहून जास्त गेलं तर ते कुठेतरी सांडलं आहे किंवा जळलं आहे. तिसरी शक्यता नाही. दर वेळी न मोजता बाटली भरून टाकणारा माणूस स्वतःच्याच हाताने पुरावा पुसत असतो. किती गेलं, किती दिवसांत गेलं, मधल्या काळात गाडीने काय काय केलं, हे सगळं त्या एका ओतण्यात नाहीसं होतं.

आता ‘केव्हा’ला एवढं महत्त्व का, ते पाहू. चक्र बंदिस्त ठेवतात ते दाबासाठी. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा एखादा आकडा कोरलेला दिसेल. तो दाबाचा आहे. साधं पाणी मोकळ्या भांड्यात १०० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यावर एक बारचा जादा दाब ठेवला की तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत टिकतं, आणि निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण असेल तर १३०च्या जवळपास. म्हणजे गार गाडीत यंत्रणा निवांत असते आणि तापलेल्या गाडीत तिच्या प्रत्येक सांध्यावर आतून रेटा असतो. प्रेशर कुकरची रिंग सैल झाली आहे का, हे ओट्यावरच्या गार कुकरकडे बघून कुणी सांगत नाही. गॅसवर चढवून दाब धरेपर्यंत थांबावं लागतं. गाडीच्या बाबतीत मात्र आपण सकाळी, गार इंजिनावर, टॉर्च मारतो आणि ‘सगळं कोरडं आहे’ म्हणून निर्धास्त होतो.

बरं, तापल्यावर पाहिलं तरी दिसेलच असं नाही. एक साधा हिशेब करू. दहा सेकंदांना एक थेंब, अशी गळती धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला तर तासाला अठरा मिलिलिटर होतात. गाडी रोज तासभर चालत असेल तर महिन्याला अर्धा लिटरहून थोडं जास्तच. पाच लिटरच्या यंत्रणेत हा दहावा हिस्सा झाला. आणि हा प्रत्येक थेंब नव्वद-शंभर अंशांच्या धातूवर पडतो, वर पंख्याचा झोत असतो, खालून रस्त्यावरची हवा. जमिनीपर्यंत काही पोचतच नाही. मागे उरतो तो वाळलेला पांढुरका, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा, आणि बॉनेटपाशी येणारा गोडसर वास. पाणी शोधणाऱ्याला काही सापडत नाही. पापुद्रा शोधणाऱ्याला बहुतेक वेळा सापडतो.

वेळ शोधायची तर आधी पातळी धड वाचता यायला हवी, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. पाच लिटर मिश्रण तापून नव्वद अंशांवर गेलं की सुमारे दोनशे मिलिलिटरने फुगतं. त्यामुळे संध्याकाळी पाहिलेली पातळी आणि सकाळी पाहिलेली पातळी यांची तुलना निरर्थक ठरते. रात्रभर उभी राहिलेली गाडी, सपाट जागा, सकाळची वेळ, बाटलीवर मार्कर पेनची एक रेघ आणि शेजारी तारीख. एवढं पुरतं. भर घालायची झाली तर औषधाच्या मापाने मोजून घालावी आणि वहीत लिहावी. सोबत मधल्या दिवसांत घाट झाला का, एसी लावून ट्रॅफिकमध्ये रखडायला झालं का, गाडी नुसती उभी होती का, एवढं टिपलं की दोन-तीन नोंदींत गळतीची सवय दिसायला लागते.

दुसरी फसगत जास्त गंभीर आहे. पुष्कळ गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या, दाब धरणारं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची प्लॅस्टिकची बाटली नुसती साठवणीची असते. गाडी तापली की झाकणाची झडप उचलून जादा कूलंट बाटलीत येतं आणि गार झाली की झाकणातली दुसरी छोटी झडप ते परत आत ओढून घेते. आता त्या झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा रेडिएटरच्या गळ्याशी बारीक फट असेल, तर गार होताना यंत्रणा कूलंटऐवजी हवा ओढते. बाटली भरलेली दिसते, किंबहुना हळूहळू वर चढते, आणि रेडिएटर आतून रिता होत जातो. फक्त बाटली पाहणारा मालक निश्चिंत असतो. म्हणून अशा गाडीत महिन्यातून एकदा, पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट काठोकाठ आहे का ते पाहावं. पूर्ण गार याचा अर्थ हात लावून कोमटही लागत नाही असं. गरम झाकण उघडणाऱ्याचा हात आणि चेहरा भाजतो, आणि ही सूचना कितीही वेळा छापली तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी भाजून घेतंच. युरोपीय घडणीच्या आणि आताच्या अनेक गाड्यांत झाकण थेट बाटलीवरच असतं आणि बाटलीही दाबाखाली असते. तिथे हा घोळ होत नाही, पण बाटलीलाच जोडावर बारीक चीर जाते.

तापमानाचा काटा आपल्याला सावध करेल, या भरवशावरही राहू नये. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच तो खरं बोलतो. पातळी इतकी उतरली की तो वाफेत लोंबकळतो, मग काटा गप्प बसतो आणि हेड तापत राहतं. शिवाय अनेक लहान गाड्यांतून काटा काढूनच टाकला आहे. निळा दिवा म्हणजे गार, लाल दिवा म्हणजे झालं ते झालं. मधलं काही नाही. गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला लावायचा स्वस्तातला स्कॅनर घेऊन मोबाइलवर खरा आकडा पाहता येतो. मला तरी तो खर्च शोभेच्या सीट कव्हरपेक्षा सत्कारणी वाटतो.

आता गळतीच्या वेळा पाहू. थंडीची गळती ही सगळ्यांत चकवणारी. नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. होज पाइपाचं रबर वर्षानुवर्षं दाबलं जाऊन ताठरलेलं असतं, ते आकसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तोंडावर नीट बसत नाही आणि रात्री किंवा सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत चार थेंब गळतात. इंजिन तापलं की धातू फुगतो, सांधा घट्ट होतो, गळती थांबते. दुपारी गॅरेजात नेली तर सगळं ठणठणीत. मेकॅनिक म्हणतो, ‘काका, काहीच नाही.’ तो खोटं बोलत नसतो. त्याने चुकीच्या वेळी पाहिलेलं असतं. अशी शंका असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात सोडावी आणि सकाळी सुरू करायच्या आत पाहायला सांगावं. क्लिपांबद्दल माझं एक मत आहे. कंपनीने बसवलेल्या स्प्रिंगच्या क्लिपा काढून स्क्रूच्या पट्ट्या लावायची आपल्याकडे फार हौस. स्प्रिंगची क्लिप रबराच्या फुगण्या-आकसण्याबरोबर आपली पकड राखते; स्क्रूची पट्टी जेवढी आवळली तेवढीच राहते. गळायला लागलं की पुन्हा आवळतात, रबर कापलं जातं, आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

उष्णतेच्या गळतीची हक्काची वेळ मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. गाडी चालवून आणून बंद केली की पंप थांबतो, पंखाही बऱ्याचदा थांबतो, पण इंजिनाच्या धातूत साठलेली उष्णता कूलंटमध्ये उतरतच राहते. पुढची काही मिनिटं तापमान आणि दाब उलट वाढतात. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. त्या एकमेकींत मुडपून, मध्ये रबराची रिंग घालून बसवलेल्या असतात. तो सांधा पिचला असेल तर याच काही मिनिटांत पाझरतो. थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, टर्बोकडे जाणाऱ्या बारीक नळ्या, इंजिनाच्या मागच्या अंगाला असलेली पत्र्याची गोल बुचं, यांचंही तसंच. तेव्हा घाट चढून किंवा भर ट्रॅफिकमधून आल्यावर किल्ली काढून सरळ घरात जाऊ नये. बॉनेट उघडून दहा मिनिटं शांत उभं राहावं, हात लांब ठेवावेत, डोळे आणि नाक वापरावं. बारीक फुस्स असा आवाजही कधी कधी ऐकू येतो.

चालतानाच होणारी गळती बहुधा पंपाची. मेकॅनिक त्याला वॉटर बॉडी म्हणतात. त्याच्या पोटाशी मुद्दाम ठेवलेलं एक छिद्र असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या छिद्रातून बाहेर यावं, एवढ्यासाठीच ते असतं. छिद्राखाली रंगीत ओघळ वाळलेला दिसला तर पंपाने आपली नोटीस दिली असं समजावं. पण ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथे हे सगळं कव्हराच्या आड घडतं आणि ओला बेल्ट ही वेगळीच डोकेदुखी होऊन बसते.

आणि मग आपला पावसाळा. हीटर कोर नावाचा एक छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या पोटात असतो. आपण हीटर लावत नाही म्हणून तो निवृत्त आहे असं समजू नये. बहुतेक गाड्यांत त्यातून कूलंट बारमाही फिरतं, फक्त हवेची फळी बंद असते. तो पाझरला की डाव्या सीटपुढची कार्पेट ओली राहते आणि समोरच्या काचेवर आतून धुकं धरतं. मे महिन्यात हे कुणाच्याही नजरेत भरलं असतं. जुलैत कार्पेट ओली असते ती छत्रीमुळे, काच धुरकट होते ती पावसामुळे, कुबट वास येतो तो दमटपणामुळे. प्रत्येक खुणेला तयार निमित्त हजर असतं. त्यात एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी तीच कार्पेट भिजते. फरक ‘केव्हा’ने आणि बोटांनी करता येतो. एसी दोन-चार दिवस बंद ठेवून कार्पेट वाळली तर ते एसीचं पाणी. तरीही ओली राहिली, टिश्यू पेपर दाबल्यावर तो चिकट लागला, गोडसर वास आला आणि काचेवरचा थर कापडाने पुसताना तेलकट फराटे उमटले, तर तो हीटर कोर. डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी मोठी असते. त्यामुळे कोरकडे जाणारे दोन पाइप इंजिनाच्या बाजूला एकमेकांना जोडून कोर वगळून टाकतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने काही महिन्यांसाठी असं केलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही, जोडणी नीट झालेली असली म्हणजे झालं.

बाहेर कुठेच खूण नाही, आतली कार्पेट कोरडी, आणि कूलंट जातंच आहे, अशा वेळी ‘हेड गॅस्केट’ हे शब्द उच्चारले जातात आणि मालकाचा चेहरा उतरतो. इथे वेळेचं गणित फारच बारीक होतं. पेट्रोल इंजिनात भार असताना ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब पन्नास बारच्याही वर जातो. शेजारच्या कूलंटच्या वाटेत असतो जेमतेम एक बार. गॅस्केटला या दोहोंमध्ये केसाएवढी फट पडली तर इंजिन चालू असताना जळका वायू कूलंटमध्ये घुसतो. गाडी बंद केली की सिलिंडरमध्ये दाब उरत नाही, कूलंटमध्ये मात्र तासभर तरी टिकतो, आणि आता ओघ उलटतो. एकाच फटीतून दिवसा वायू पाण्यात जातो आणि रात्री पाणी सिलिंडरमध्ये. म्हणून या गळतीच्या खुणा सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांत शोधाव्यात. सुरू होताना इंजिन एका सिलिंडरवर अडखळतं, एक्झॉस्टमधून पांढरी वाफ गोडसर वासासह येते, आणि मग सगळं सुरळीत होतं. थंडीत कुठल्याही गाडीतून थोडी वाफ येते, पण ती निर्गंध असते आणि इंजिन अडखळत नाही. दुसरी खूण म्हणजे रेडिएटरचा वरचा पाइप. तो इंजिन तापल्यावर टणक होणं स्वाभाविक. गार गाडी सुरू करून मिनिट-दोन मिनिटांत, अजून कोमटही नसताना तो टणक झाला तर तो दाब उष्णतेचा नाही, वायूचा आहे. स्पार्क प्लग काढून ओळीने मांडले तर बाकीचे काळपट-तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ, असंही दिसतं.

‘तेल बघितलं, दुधाळ नाही, म्हणजे गॅस्केट ठीक’ हा निष्कर्ष मात्र कच्चा आहे. फट सिलिंडर आणि कूलंट यांच्यामध्येच असेल तर तेलाला पत्ताही लागत नाही. उलट पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या निरोगी गाडीतही तेलाच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर धरतो. ती नुसती साठलेली वाफ असते. त्या थरावरून हेड उघडायला निघालेले लोकही भेटतात.

डिझेल गाड्यांत हेड उघडण्याआधी आणखी एका आरोपीची चौकशी व्हायला हवी. एक्झॉस्टचा काही वायू गार करून पुन्हा इंजिनात सोडतात. तो गार करणारा ईजीआर कूलर कूलंटवरच चालतो. तो आतून फुटला तर कूलंट थेट एक्झॉस्टच्या वाटेत जातं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थेंब नाही, तेल स्वच्छ, गॅस्केट शाबूत. नवं गॅस्केट बसवून, हेड फेसिंग करून आणल्यावरही कूलंट जातच राहिलं तर हा कूलर तपासायचा राहिला होता असं पुष्कळदा निघतं.

मग गॅरेजमधल्या परीक्षा करतात तरी काय? गळतीची वेळ यायची वाट न पाहता ती वेळ आपल्या हाताने आणतात. प्रेशर टेस्टरचा हातपंप झाकणाच्या जागी बसवतात आणि झाकणावरच्या आकड्याएवढाच दाब देतात, त्याहून जास्त नाही. यातली खरी गंमत अशी की इंजिन गार असतं. एरवी दाब आणि उष्णता नेहमी जोडीने येतात आणि उष्णता थेंब वाळवून टाकते. इथे दाब आहे पण उष्णता नाही, म्हणून थेंब थेंबच राहतो. पंधरा-वीस मिनिटांत काटा उतरला आणि बाहेर ओलसरपणा दिसला तर काम झालं. काटा उतरला आणि बाहेर काहीच नाही, तर दाब रात्रभर ठेवावा, सकाळी प्लग काढून सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालावा. ज्या पिस्टनचा माथा धुऊन निघाला आहे तो सापडतो. आणि काटा हललाच नाही तर? तर एवढंच कळलं की गार असताना, या दाबाला, आत्ता गळत नाही. तापल्यावर उघडणारी हेडमधली चीर किंवा पहाटेच्या थंडीत गळणारा सांधा या परीक्षेतून सहज निसटतो. एकदा पास झाली म्हणून गाडीला निर्दोष ठरवायची घाई करू नये. तीच परीक्षा गरम इंजिनावर आणि पहाटे पुन्हा घ्यायला सांगावी. झाकणाची परीक्षा वेगळी असते आणि ती आधी व्हायला हवी, कारण टेस्टर झाकणाच्या जागी बसतो. म्हणजे दोषी झाकण परीक्षेच्या वेळी टेबलावर आरामात पडलेलं असतं.

गॅस्केटसाठी निळ्या द्रवाची परीक्षा असते. रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा त्या द्रवातून ओढतात; त्यात ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. ही परीक्षाही वेळेला बांधलेली आहे. आरामात एका जागी उभ्या इंजिनात फट मिटलेली राहू शकते, म्हणून चांगले मेकॅनिक गाडी चढावर पळवून आणून मगच द्रव लावतात. यातून सुटका हवी असेल तर कूलंटमध्ये चकाकणारा डाय टाकायचा आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवायची. गळती मध्यरात्री होवो की खंबाटकीच्या चढावर, डाग तिथेच राहतो आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली हिरवा-पिवळा चमकतो. घरगुती मालकाला सगळ्यांत परवडणारी युक्ती हीच, असं माझं मत आहे.

दुरुस्तीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण नेमका दोष कळल्यावर ती बहुधा सरळ असते. झाकण काही शे रुपयांत मिळतं, फक्त आकडा तोच हवा. टायमिंग बेल्टवरचा पंप बेल्टसकट बदलावा. हेड उतरवलंच तर ते सरळपट्टी आणि फीलर गेज लावून पाहिल्याशिवाय परत बसवू देऊ नये. वाकडेपणाची मर्यादा अनेक इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, डोळ्यांना ती दिसत नाही. ताणून आवळायचे बोल्ट असतील तर नवेच घ्यावेत. रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी युक्ती आणि बाजारातली गळतीरोधक बाटली यांचं काम एकच: कण अडकून भोक बुजतं. पण कणाला भोक आणि हीटर कोरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. आडरानात अडकून गावापर्यंत पोचायचं असेल तर ठीक. दुरुस्ती म्हणून मुळीच नाही.

भरताना बोअरवेलचं पाणी टाळावं. त्यातले क्षार आत थर धरतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज नाही हा समजही सोडावा, कारण उकळबिंदू वाढवणं आणि ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणं ही त्याची कामं इथे जास्त लागतात. रंगावरून प्रकार ओळखू नये, मॅन्युअल पाहावं. काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नये. ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

नव्याने भरलेल्या यंत्रणेत हवा अडकतेच. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा एक-दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालवून ती काढतात, तरी थोडी उरते आणि पुढच्या काही फेऱ्यांत सुटते. तेवढ्याने पातळी जराशी खाली येते. गळती परत आली म्हणून मेकॅनिकशी भांडायला जाण्याआधी ती एकदाच उतरून थांबते की उतरतच राहते, हे वहीतल्या नोंदींवरून पाहावं.

बारा-चौदा वर्षांच्या गाडीत प्रत्येक गळती लगेच दुरुस्त करायलाच हवी असंही नाही. पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालत असेल आणि त्याच्या छिद्रातून महिन्याला दोन-चार चमचे जात असतील, तर पातळीवर नजर ठेवून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत खुशाल थांबावं. थंडीत गळणाऱ्या क्लिपेचंही तेच. सिलिंडरमध्ये उतरणाऱ्या कूलंटला मात्र ही सवलत देता येत नाही. पाणी दाबलं जात नाही. रात्रीतून पुरेसं साठलं तर सकाळी स्टार्टर मारताच पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी शंका असलेली गाडी सुरू करून गॅरेजात नेण्यापेक्षा टो करून न्यावी, आणि तिथेही आधी प्लग काढून मगच इंजिन फिरवायला सांगावं.